इंदूर : एका बोर्डाच्या शोधात

गुरुवार, ४ सप्टेंबर २०२५

अनंत चतुर्दशीच्या तोंडावर लालबाग सोडून जाणारा माणूस एकतर वेडा असतो, नाहीतर त्याच्या नात्यात काहीतरी बरंवाईट झालेलं असतं. जिन्यात तिघांनी अडवून विचारलं, "सगळं ठीक ना?" ठीकच होतं. मी इंदूरला, शायर राहत इंदौरींनी रंगवलेला एक बोर्ड बघायला निघालो होतो. पण हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा आणखी काळजीचा व्हायचा. म्हणून शेवटी "मावसभावाकडे चाललोय" एवढंच सांगायला लागलो. तेही खोटं नव्हतं.

मी पेंटर. भिंतींचा नाही, अक्षरांचा. १९७९ साली सतराव्या वर्षी उस्तादाच्या हाताखाली लागलो. दुकानांचे बोर्ड, मंडळांचे कापडी बॅनर, ट्रकची पाठ, डॉक्टरांच्या पाट्या, जे येईल ते. वडील गिरणीत साचा खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तो रीतसर मिटला असं आमच्याकडे आजही कुणी म्हणत नाही. तेव्हापासून घर ब्रशवर चाललं. मग फ्लेक्स आला आणि ब्रशही डब्यात गेला.

राहत इंदौरींना मी पहिल्यांदा पाहिलं ते भिवंडीत, नव्वदीच्या दशकात. मुशायऱ्याचं, म्हणजे शायरांच्या मैफलीचं, बॅनर होतं. उर्दू अक्षरं नागपाड्याच्या एका कातिबाने काढली आणि त्याखालची देवनागरी मी. पैसे कार्यक्रम संपल्यावर मिळणार होते, म्हणून थांबलो. रात्री दोनच्या पुढे हा काळासावळा, विस्कटल्या केसांचा माणूस उठला, माईकच्या दांड्याला असा धरला की जणू त्याच्याशी भांडणच आहे, आणि एक ओळ म्हणाला. तीच ओळ पुन्हा. पुन्हा तीच. मी मागच्या रांगेत चहावाल्याशेजारी उभा होतो. उर्दू मला तेव्हा फारशी कळत नव्हती, ती ओळ मात्र कळली. कातिब कानात म्हणाला, "तुझ्याच धंद्यातला आहे. लहानपणी बोर्ड रंगवायचा."

तेव्हापासून डोक्यात होतं. इंदुरात त्यांनी रंगवलेले काही बोर्ड अजून आहेत असं वाचलं होतं. ते आहेत तोवर एकदा बघायचे. राहतसाहेब गेले त्यालाही पाच वर्षं झाली.

मुंबई सेंट्रलहून अवंतिका. वरचा बर्थ. बॅगेत दोन शर्ट, चष्मा, एक भिंग आणि बायकोने दिलेल्या मोदकांचा डबा. बोरिवलीच्या आत त्यातले दोन संपले.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

सकाळी जाग आली तेव्हा उज्जैन मागे पडलं होतं. देवास येताना खिडकीतून टेकडी पाहिली आणि समोरच्या काकांनी, न विचारता, "कुमार गंधर्व इथेच राहायचे" असं ऐकवलं. या भागात मराठी माणूस दिसला की त्याला हे ऐकवायची पद्धत असावी.

स्टेशनवर बंडू आला होता. आमच्या मावशीचा धाकटा, जन्मापासून इंदूरचा. याची मराठी ऐकली की मला बरं वाटतं. "दादा, वजन कमी करून राहिलास का?" आधी पोहे, मग घर, असा त्याचा शिरस्ता. इंदुरी पोहे आपल्यासारखे परतून गरम ठेवत नाहीत, वाफेच्या पातेल्यावर ठेवतात, त्यामुळे तासाभराने खाल्ले तरी मऊ. वर शेव, कांदा, जिरावण मसाला आणि शेजारी जिलबी. पोह्यांबरोबर गोड खाणाऱ्यांबद्दल माझं मत चांगलं नव्हतं. दुसऱ्या प्लेटीला ते बदललं.

ईद-ए-मिलाद होती. रस्त्याच्या एका बाजूला हिरवे झेंडे, दुसऱ्या बाजूला गणपतीचे मंडप, आणि दोन्हींच्या लायटिंगच्या वायरी एकाच खांबावरून गेलेल्या. बंडूने स्कूटर थेट मालवा मिलच्या चौकात नेली. गिरणी नाही, नावच फक्त उरलंय. आपल्याकडे जसं कुणी अजूनही गिरणीच्या नावाने बसस्टॉप सांगतो, तसं. राहतसाहेब या भागात बोर्ड रंगवायचे असं सांगतात.

त्यांचा जन्म १ जानेवारी १९५० चा, रविवारचा. नाव राहत कुरेशी. वडील रिफतउल्ला कापड गिरणीत कामगार, आई मकबूल उन्निसा, आणि हे चौथं मूल. घरात ओढाताण. दहा वर्षांचे व्हायच्या आतच साइनबोर्डच्या कामाला लागले. शाळेत फुटबॉल आणि हॉकीच्या संघाचे कप्तान होते, हे मला फार उशिरा कळलं. त्या स्टेजवरच्या माणसाकडे बघून कधी वाटलं नसतं. हात चांगला होता. पुढे पुढे तर म्हणे गिऱ्हाईक महिनोन्महिने थांबायचं, पण बोर्ड राहतकडूनच करून घ्यायचं. हे मी मानतो. चांगल्या पेंटरसाठी लोक थांबतात. माझ्यासाठी एकजण गणपतीपासून दिवाळीपर्यंत थांबला होता, पण त्यात माझ्या हातापेक्षा माझ्या आळसाचा वाटा जास्त.

आता शोध. बंडूला वाटलं होतं, कुणालाही विचारलं की बोट दाखवेल. तसंच झालं. फक्त प्रत्येकाचं बोट वेगळीकडे.

पानवाला म्हणाला, "राहतभाईंचा बोर्ड? भिया, आपलाच आहे की." आणि डोक्यावरच्या फ्लेक्सकडे बघायला लागला. त्यावर मोबाइल नंबर, एका गुटखा कंपनीचं चित्र आणि सावली दिलेली कॉम्प्युटरची अक्षरं. मी काही बोललो नाही. श्रद्धेपुढे काय बोलणार. पान छान होतं.

एका किराणावाल्याकडे मात्र खरोखर हाताने रंगवलेला बोर्ड निघाला. पत्र्याचा, हिरव्यावर पांढरा. माझे पाय थबकले. अक्षरं सुंदर, 'र'ची कमान अगदी डौलदार. बंडू फोन काढून फोटो घ्यायला लागला, तर मी म्हटलं थांब. खालच्या ओळीत फोन नंबर होता, सात आकडी. आम्ही पेंटर लोक जुन्या बोर्डाचं वय असं ओळखतो. राहतसाहेबांचे रंगवायचे दिवस म्हणजे साठीचं दशक आणि सत्तरीची सुरुवात. तेव्हा किराणा दुकानात फोन असता तरी त्याला सात आकडे नसते. शिवाय सगळी अक्षरं एकाच हाताची आणि नंबरही त्याच ब्रशचा, म्हणजे मागून घातलेलाही नाही. दुकानदार नाराज झाला. "आमचे वडील सांगायचे राहतभाईंचाच म्हणून." मी म्हटलं, ज्याने कुणी केला तो उस्ताद होता. त्यावर त्याने आम्हाला चहा दिला नाही.

संध्याकाळ होत आली तेव्हा एक टेलर भेटले. सत्तरीच्या पुढचे, गळ्यात टेप, मशीनवर एका शाळेचा गणवेश. दुकानाचं नाव लिहू नका म्हणाले, म्हणून लिहीत नाही. त्यांचंही म्हणणं तेच, बोर्ड राहतभाईंचा. वर पाहिलं तर फ्लेक्स. मी हसलो. ते म्हणाले, "त्याच्या मागे आहे. मुलाने फ्लेक्स लावला, पण जुना पत्रा काढला नाही. काढला असता तर भिंतीला भोकं पडली असती." कधी बघायला मिळेल विचारलं. गणवेश, मग उद्याची मिरवणूक, परवा रविवार. "सोमवारी सकाळी या. मुलगा दुकानात नसतो तेव्हा."

परतीचं तिकीट रविवारचं होतं. बंडूच्या फोनवरून सोमवारचं काढलं. मुंबईला फोन करून सांगितलं तेव्हा पलीकडून बराच वेळ फक्त ढोलताशाचा आवाज येत राहिला.

शनिवार, ६ सप्टेंबर

सकाळी राजवाडा, होळकरांचा सात मजली दरवाजा, खजुरी बाजारात पुस्तकांची दुकानं. एक देवनागरी संग्रह घेतला. राहतसाहेबांच्या संग्रहांची नावंच बघा, 'रुत', 'मेरे बाद', 'मौजूद', 'नाराज़'. एका-दोन शब्दांची. बोर्डाला शोभतील अशी. पेंटरला विचारा, लांब नावाचा बोर्ड काय त्रास देतो ते.

दुपारी बंडू मला इस्लामिया करीमिया कॉलेजच्या बाजूला घेऊन गेला. राहतसाहेब इथेच शिकले, १९७३ साली पदवीधर झाले, पुढे १९७५ साली भोपाळच्या विद्यापीठातून उर्दूत एमए. मग याच कॉलेजात उर्दू शिकवायला लागले. डॉक्टरेट केली ती मुशायऱ्यावर. ही गोष्ट मला फार आवडते. जो माणूस जन्मभर मुशायरे गाजवतो, तो मुशायऱ्याचा अभ्यासही करतो. रंग कसा सुकतो हे ज्याला कळतं त्यानेच ब्रश धरावा, असं माझे उस्ताद म्हणायचे.

त्यांच्या तरुणपणाची एक गोष्ट इंदुरात सगळे सांगतात. जाँ निसार अख्तर शहरात आले होते. पोरसवदा राहत सही घ्यायला गेला आणि म्हणाला, मलाही शायर व्हायचंय, काय करू? अख्तरसाहेब म्हणाले, आधी पाच हजार शेर पाठ कर. पोरगा म्हणाला, तेवढे तर आत्ताच पाठ आहेत. मग सही देताना अख्तरसाहेबांनी आपल्याच गझलेची पहिली ओळ लिहायला घेतली, आणि ती पुरी व्हायच्या आत पोराने दुसरी ओळ म्हणून दाखवली. गोष्ट तोंडोतोंडी थोडी फुगली असेलही. पण पाच हजारांचा आकडा मला खोटा वाटत नाही. आम्हीसुद्धा दुसऱ्याचे बोर्ड बघत बघतच शिकलो. लोकलच्या दारात उभं राहून दादरपर्यंत येणारं प्रत्येक अक्षर डोळ्यांनी गिरवायचं, हीच आमची शाळा.

रात्रीची मिरवणूक. यासाठी खरं तर वेगळंच लिहायला हवं.

आमच्याकडे अनंत चतुर्दशी म्हणजे मूर्ती. इंदुरात ती म्हणजे झांकी. झांकी म्हणजे ट्रॉल्यांवर उभे केलेले देखावे, लाखो दिव्यांचे, मोटारीवर हलणाऱ्या पुतळ्यांचे. आणि ते काढतात कोण, तर गिरण्या. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, स्वदेशी, कल्याण. शंभर वर्षं उलटून गेली या प्रथेला. यातली एकही गिरणी आता चालू नाही. भोंगा नाही, पाळी नाही, पगार नाही, तरी दरवर्षी त्या गिरणीच्या नावाने झांकी निघते. जुने कामगार आणि त्यांची मुलं वर्गणी काढतात, पालिका थोडं देते, दरवर्षी पैशांची रड असते आणि दरवर्षी झांकी निघतेच.

जेल रोडला आम्ही एका पायरीवर जागा धरली. घरचे सगळे, बंडूची बायको, तिची आई, पाण्याच्या बाटल्या, सतरंजी. पुढे आखाडे. लाठी, तलवार, बनेटी फिरवणारी पोरं, त्यांत दोन मुली तर अशा की रस्ता आपोआप मोकळा होत होता. मग एकेक झांकी. कृष्ण कालियाच्या फण्यावर, फणा वरखाली होतोय. हनुमान द्रोणागिरी घेऊन उडतोय, शेपटीची मोटार बिघडलेली. पुढच्या ट्रॉलीवर गिरणीचं नाव बल्बांनी लिहिलेलं.

हुकुमचंद मिलचं नाव आलं तेव्हा शेजारचे एक म्हातारे उभे राहिले. टाळ्या नाहीत, काही नाही, नुसते उभे. ती गिरणी १९९२ मध्ये बंद पडली. कामगारांची देणी मिळाली ती २५ डिसेंबर २०२३ रोजी, सुमारे २२४ कोटी, ४,८०० कामगारांना. एकतीस वर्षांनी. मी म्हाताऱ्यांना विचारलं नाही तुम्हाला मिळाले का. लालबागच्या माणसाने हा प्रश्न कुणाला विचारू नये.

रात्री दीडला सराफा, इथला रात्रीचा खाऊबाजार. भुट्ट्याचा कीस खाल्ला, पावसाळा हाच त्याचा हंगाम. गर्दीत एका मोबाइलवर राहतसाहेबांचाच व्हिडिओ चालू होता. 'बुलाती है मगर जाने का नहीं'. ऐकणारी पोरं विशीतली. ही गझल २०२० च्या सुरुवातीला पोरांच्या मोबाइलवर अशी पसरली की सत्तरीचा शायर रातोरात कॉलेजातल्या मुलांचा झाला. 'जाने का नहीं' ही काही लखनौची उर्दू नव्हे. आमच्या नाक्यावरची भाषा ती. त्याआधी दोनच महिने, नागरिकत्व कायद्याविरुद्धच्या आंदोलनांत त्यांच्या जुन्या गझलेचा 'किसी के बाप का हिंदुस्तान थोड़ी है' हा मिसरा, म्हणजे ही ओळ, फलकांवर चढला होता. ती गझल तेव्हाची नव्हे, कितीतरी वर्षं आधीची. त्यातला 'थोड़ी है' म्हणजे आपलं 'थोडंच आहे'. भांडताना हात हलवून म्हणायचं ते.

इथे माझं एक म्हणणं आहे. बंडूला रात्री दोन वाजता ऐकवलं, त्याने जांभई दिली. तरी लिहितो.

समीक्षक मंडळी राहत इंदौरींना 'मुशायऱ्याचे शायर' म्हणतात, म्हणजे जरा खालच्या पायरीवर बसवतात. आवाज मोठा, हातवारे मोठे, बारकावे कमी. या लोकांनी कधी बोर्ड रंगवला नाही. कागदावरचं अक्षर वीतभर अंतरावरून वाचायचं असतं, बोर्डावरचं रस्त्यापलीकडून, धावत्या बसमधून. दोन्ही कामं वेगळी. बोर्डाला पहिली गोष्ट शिकवतात ती अक्षर नव्हे, अक्षराभोवतीची मोकळी जागा. नवशिक्या पत्रा भरून टाकतो. उस्ताद दोन अक्षरांमध्ये एवढी जागा सोडतो की लांबून ती जागाच अक्षर उचलून धरते. आता राहतसाहेबांना ऐका. पहिली ओळ म्हणाले की थांबतात. पुन्हा तीच म्हणतात, पुन्हा थांबतात, मान वळवून छताकडे बघतात. तोवर मागच्या रांगेतल्या चहावाल्यापर्यंत ओळ पोचलेली असते. मुशायऱ्यात गझल गाऊन म्हणायला तरन्नुम म्हणतात आणि नुसती म्हणायला तहत. हे तहतवाले. सुराचा आधार नाही, म्हणून थांबण्यावर सगळी भिस्त. मग दुसरी ओळ येते, काफिया, म्हणजे यमक, दिसायला लागतो, आणि शेवटचा रदीफ, म्हणजे प्रत्येक शेरात परत येणारे तेच शब्द, हजार माणसं त्यांच्याबरोबर म्हणतात. रदीफ म्हणजे बोर्डाची बॉर्डर. ती आधीच आखलेली असते, सगळ्यांना माहीत असते, आत काय येतंय तेवढंच बघायचं.

मी हे सगळं चांगल्या अर्थानेच म्हणतोय. सगळेच शेर तोलामोलाचे होते असं नाही. टाळ्यांसाठी टाकलेलेही पुष्कळ होते, भडक लाल रंगासारखे. लाल रंग गिऱ्हाईकच मागतं, हेही खरं.

रविवार, ७ सप्टेंबर

दहापर्यंत झोपलो. अंगभर गुलाल, उशीलाही.

दुपारी एम.जी. रोडवरून जाताना बंडूने कलाशाळेकडे बोट दाखवलं. दत्तात्रय देवळालीकरांनी १९२७ साली सुरू केलेली चित्रशाळा. चित्रकार ना. श्री. बेंद्रे इथलेच आणि एम. एफ. हुसेनही. हुसेन जन्मले पंढरपुरात, वाढले इंदुरात, आणि मुंबईत सिनेमांची होर्डिंग रंगवत दिवस काढले. आमच्या धंद्यात हुसेनचं नाव देवासारखं घेतात, चित्रांसाठी कमी आणि होर्डिंगसाठी जास्त. याच गावातला एकजण होर्डिंगवरून कॅनव्हासवर गेला आणि दुसरा बोर्डावरून मंचावर. यावर कुणीतरी शिकलेल्या माणसाने लिहावं.

सिनेमात राहतसाहेबही गेलेच. 'इश्क' मधलं 'नींद चुराई मेरी', 'करीब' मधलं 'चोरी चोरी जब नज़रें मिलीं', 'मिशन काश्मीर' मधलं 'बुमरो'. ही गाणी त्यांची आहेत हे बंडूच्या बायकोला माहीत नव्हतं. तिने लगेच लावली आणि भांडी घासून होईपर्यंत चालू ठेवली. मुंबईत मुक्काम ठोकून राहिलेले गीतकार ते कधी झाले नाहीत. गाणी लिहिली आणि परत इंदूर, परत मुशायरे, देशातले आणि परदेशातले.

संध्याकाळी छोटी खजरानी. ११ ऑगस्ट २०२० ला सकाळी त्यांनी स्वतःच ट्विट करून कळवलं होतं की कोरोनाची चाचणी पॉझिटिव्ह आली आहे. कुणी मला किंवा घरी फोन करू नका, खबर इथेच मिळत राहील, अशा अर्थाचं. त्याच दिवशी हृदय बंद पडून गेले. सत्तर वर्षांचे होते. इथल्या कब्रस्तानात रात्री दफन झालं, कोरोनाच्या नियमांनी मोजकी माणसं. ज्यांच्या शब्दाला मैदानं भरायची त्यांना माती द्यायला बोटांवर मोजण्याइतके. आमच्या उस्तादांचंही त्याच वर्षी तसंच झालं. व्हिडिओ कॉलवर पाहिलं.

आत फार वेळ थांबलो नाही. बंडू बाहेर स्कूटरवर बसून होता. मी मोदकाच्या डब्यात चार गुलाब घेऊन गेलो होतो, कारण फुलवाल्याकडे पिशवी नव्हती. स्वच्छतेत सलग आठ वर्षं पहिला आलेला गाव आहे, प्लास्टिकची पिशवी मागितली तर फुलवाल्याने मलाच झापलं.

त्या रात्री चंद्रग्रहण होतं, खग्रास. बंडूच्या सासूबाईंनी सगळ्यांना लवकर जेवायला लावलं.

सोमवार, ८ सप्टेंबर

साडेनऊला टेलरकडे. त्यांनी स्टूल, स्क्रू-ड्रायव्हर आणि शेजारचा एक पोरगा तयार ठेवला होता. फ्लेक्सच्या चौकटीला चार स्क्रू. तीन निघाले, चौथा गंजलेला, तो निघाला तो सुटून सरळ गटाराच्या जाळीत गेला. चौकट खाली घेतली.

मागे पत्रा. निळ्यावर पिवळा. निळा आता राखेसारखा झालेला, पिवळा मात्र फ्लेक्सच्या आड राहून आश्चर्यकारक टिकलेला. मी स्टुलावर चढलो आणि चष्म्यावर भिंग धरलं.

फोन नंबर नाही. ही पहिली चांगली गोष्ट. 'सूट स्पेशालिस्ट' या शब्दांतला 'श' जुन्या वळणाचा. शिरोरेघ दोऱ्याने खडू मारून आखलेली, कारण एका ठिकाणी रंगाखालून खडूची पांढरी रेघ अजून दिसते. ती ओल्या फडक्याने पुसायची असते, पोराने पुसली नव्हती किंवा घाई होती. काळी शेड उजवीकडे आणि खाली, एकाच झटक्यात ओढलेली, ब्रश कुठेही परत बुडवलेला नाही. 'ट'च्या पोटात मात्र हात थरथरलाय. मोठ्या माणसाचा हात तिथे थरथरत नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या, स्टुलावर टाच उंचावून उभ्या राहिलेल्या मुलाचा थरथरेल. आणि दोन शब्दांमधली जागा! एवढी मोकळी जागा त्या वयात सोडायला धीर लागतो. गिऱ्हाईक म्हणतं, पैसे पूर्ण पत्र्याचे घेतले आणि मधे रिकामं कशाला?

आम्ही पेंटर खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत नाव टाकतो. मी तिकडे सरकलो. तो कोपराच नव्हता. गंजाने तळहाताएवढा पत्रा खाल्ला होता. कडेला पिवळ्या रंगाचे दोन ठिपके उरले होते. ते अक्षराचे असतील किंवा ब्रश झटकल्याचे.

टेलर खालून म्हणाले, "है ना?"

मी म्हटलं, "हात चांगला आहे. आणि त्याच काळातला आहे."

"मी विचारलं, त्यांचाच ना?"

"तुम्ही बघितलं होतं रंगवताना?"

ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, वडिलांनी बघितलं होतं. ते स्वतः तेव्हा गावी होते, मामाकडे. परत आले तर बोर्ड लागलेला होता आणि वडील सांगत होते, कुरेशींचा मुलगा करून गेला. "तेव्हा तो कुठे राहत इंदौरी होता? वडिलांनी खोटं कशाला सांगितलं असतं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. वडिलांनी नाव मोठं झाल्यावर सांगितलं असतं तर मी नक्की शंका घेतली असती. आधीच सांगितलं होतं, हीच भानगड होती.

त्यांनी विचारलं, रंग देऊन परत उजळता येईल का? तुम्ही पेंटरच आहात, पैसे देईन. सामान बाजारात मिळालं असतं. इनॅमलची दोन छोटी डबी, टर्पेंटाइन, एक चपटा ब्रश. दुपारपर्यंत काम झालं असतं. हात शिवशिवत होते, खोटं कशाला बोलू. पण दुसऱ्याच्या अक्षरावरून ब्रश फिरवला की ते अक्षर आपलं होतं. माझ्या हाताला 'ट' थरथरवता येणार नाही. नाही म्हटलं. त्याऐवजी कडेच्या गंजावर पॉलिश पेपर मारून रेड ऑक्साइडचा एक हात देता येईल, म्हणजे पत्रा आणखी काही वर्षं राहील, एवढं सुचवलं. शेजारच्या पोराने ते आणलं, मी दिलं. अक्षरांपासून चार बोटं लांब राहून. पैशांऐवजी त्यांनी बंडूच्या स्कूटरला शेवेचा एक किलोचा पुडा लटकवला.

फ्लेक्स परत चढवायचा होता, मुलगा बाराला येणार होता. तीन स्क्रू बसले. चौथा गटारात. टेलर म्हणाले, बघतो, आणतो.

संध्याकाळच्या गाडीने परतलो. लालबागमध्ये रस्ते धुवून झाले होते, मंडपाचे बांबू उतरत होते.

आठवड्याने मी टेलरना फोन केला. रेड ऑक्साइड नीट सुकला का विचारलं. सुकला म्हणाले. स्क्रू मिळाला का? "मिळाला. दुकानात आणून ठेवलाय. अजून लावला नाही." का म्हणून विचारलं, तर म्हणाले, वारा आला की तो कोपरा उचलतो आणि आतलं थोडं दिसतं. समोरच्या चहाच्या टपरीवरून तर 'ट' पूर्ण दिसतो.